कागदावरचा हिरवा

हानित्रानं हातातली टोपली ओट्यावर ठेवली, झाकण उचललं, आणि घरातल्या दोन बायका दोन दिशांना पळाल्या. वोलोलोना स्वयंपाकघरात, आणि तिची आई, जिला सगळी गल्ली नेनी म्हणते, ती थेट जिन्यावर. जागचे हलले नाहीत ते एकटे वोलोलोनाचे यजमान, राझाफी मास्तर. खरं सांगायचं तर मास्तरांचाही एक पाय दाराकडे निघाला होता. पण समोर आपली जुनी विद्यार्थिनी उभी असताना मास्तराला पळता येत नाही. पेशाच तसा.

टोपलीत घोयरा होता, रंग बदलणारा सरडा. वीत-दीड वीत लांब, भाताच्या कोवळ्या रोपासारखा हिरवा, कुशीवरून एक निळसर पट्टा गेलेला, आणि शेपूट सुताराच्या रंध्यातून निघालेल्या छिलक्यासारखी गुंडाळलेली. त्याचा एक डोळा मास्तरांवर होता आणि दुसरा जिन्यावर, नेनींवर.

"तीनच आठवडे, सर," हानित्रा म्हणाली. "वडिलांची कबर उघडायचीय. सात वर्षं झाली. आईच्या स्वप्नात येऊन म्हणतात, थंडी वाजते. आता गावी जाऊन त्यांच्या अस्थींना नवी रेशमी वस्त्रं गुंडाळायची, सगळ्यांनी जमायचं, नाचायचं, जेवायचं. बागेतले बाकीचे नऊ घोयरे माझा नवरा बघेल. पण हा उत्तर किनाऱ्यावरचा, उकाड्यातला. आमच्या बागेत यंदा पहाटे दव गोठतंय. तुमचं अंगण उत्तरेला, आपल्याकडे थंडीत सूर्य कलतो त्या बाजूला तोंड करून आहे, दिवसभर ऊन असतं. आणि शिवाय तुम्ही..."

या 'शिवाय तुम्ही'नं घात केला.

"तुम्हीच तर शिकवलंत सगळं. तुमच्या त्या एका तासामुळे मी या धंद्यात पडले."

हानित्राची पूर्वेच्या रस्त्यावर घोयऱ्यांची छोटी बाग होती, सरकारी परवान्याची. लांबून लांबून परदेशी माणसं बघायला यायची. आपल्याकडे आपण होऊन कोण जातो घोयरा बघायला? अपशकुनी मानतात त्याला. रस्त्यात आडवा आला तर टॅक्सीवालासुद्धा गाडी थांबवतो, तो एकेक पाय झुलवत पलीकडे जाईपर्यंत गप्प बसतो. त्याला हसायचं नाही, त्याच्याकडे सरळ बोट करायचं नाही. दाखवायचाच झाला तर बोट वाकवून, पेर पुढे करून दाखवायचा. राझाफी मास्तरांनी मात्र एकतीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूंनी घोयरा काढला होता. ही जीभ, हा डोळा, हे सांडशीसारखे पाय. तो इतका हुबेहूब यायचा, की पहिल्या बाकावरच्या मुली डोळ्यांवर हात धरायच्या. खऱ्या घोयऱ्याला त्यांनी आयुष्यात बोट लावलेलं नव्हतं. खडूचा घोयरा तास संपला की पुसता येतो.

जाताना हानित्रानं दोन कागद दिले. एक परवाना, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. दुसरा वहीचा, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेला. "एवढं एकदा वाचून घ्या, सर."

"वाचतो, वाचतो," मास्तर म्हणाले, आणि तो कागद त्यांनी शब्दकोशात घालून ठेवला. विद्यार्थ्यांचं लिहिलेलं तपासायचं असतं. ते वाचून शिकायची वेळ अजून आलेली नव्हती.

परवाना मात्र त्यांनी वाचला. त्यात घोयऱ्याचं नाव लिहिलं होतं: मास्तर.

"तुमच्यावरूनच ठेवलंय की हो," वोलोलोना दाराआडून म्हणाली. "एक डोळा फळ्यावर, एक मागच्या बाकावर."

मास्तरांनी परवाना परत पिशवीत घातला. माणसानं काही अपमान मनातच सुकू द्यावेत.

घर कुठलं द्यायचं, हा पहिला प्रश्न. मास्तरांनी सेवानिवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं काचेचं कपाट रिकामं केलं, पुस्तकं खाटेखाली सरकवली, आत पेरूची फांदी उभी केली, आणि पाहुण्याला टोपलीसकट आत ठेवून, दोन हात लांबून काठीनं झाकण काढलं. पाहुणे सावकाश फांदीवर चढले. काचेत पाहिलं. आणि फुगले! हिरव्यावर लाल-केशरी पट्टे उमटले, गळ्याची पिशवी ताठली, तोंड वासलं, अंग पुढे-मागे डोलू लागलं. असा देखणा थाट की बघत राहावं. गल्ली लोटली. उतारावरच्या या घराच्या खालच्या मजल्यावरची बाकोली, लग्नाचे झगे शिवणारी, ती बोटांच्या फटीतून बघून म्हणाली, "मास्तर, केवढा खूश आहे हो!"

"नवं घर आवडलं त्याला," मास्तर म्हणाले, आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आनंद दाखवत राहिले.

तिसऱ्या दिवशी पाहुणे खालच्या फांदीवर मलूल पडले. वोलोलोना मान वळवून कपाटापुढून जात होती. मान वळवूनही बायकांना जे दिसतं ते दिसतंच. "अहो, खूश कसला? काचेत दुसरा घोयरा दिसतोय त्याला. दोन दिवस स्वतःशीच भांडतोय तो. दाढी करताना तुम्ही करता तसा."

कपाटाची दारं उतरली. जाळी हवी म्हणून मास्तर बाकोलीकडे गेले. तिच्याजवळ एकाच प्रकारची जाळी होती. त्या दिवसापासून घोयरा नवरीच्या घुंगटाआड राहू लागला, कडेला पांढऱ्या कशिद्याची फुलं.

मग पाणी. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकून बघेना. नेनींनी जिन्यावरूनच उपाय सांगितला, "करपल्या भाताचं पाणी द्या, कोमट. ते कुणाला सोसत नाही असं झालंय का कधी?" दिलं. त्याकडेही बघेना. शेवटी वोलोलोना खिडकीतल्या कुंड्यांना झारीनं पाणी घालत होती, चार शिंतोडे पेरूच्या पानांवर उडाले, आणि घोयऱ्यानं जिभेचं टोक काढून पानावरचा थेंब टिपला. मास्तर उडालेच. "बघितलंस? थेंबच पितो तो! मी म्हणतच होतो."

"कधी म्हणत होता?"

"मनात."

मास्तरांनी दुधाच्या पावडरीचा डबा घेतला, बुडाला खिळ्यानं भोक पाडलं आणि कपाटावर टांगला. टिप, टिप, टिप. पानावरून फांदी, फांदीवरून कपाट, कपाटावरून जमिनीच्या फळ्या. आणि फळ्यांच्या फटीतून खाली, बाकोलीच्या घरात, रविवारी जायच्या पांढऱ्याशुभ्र झग्याच्या बरोबर छातीवर. करपल्या भाताचं उरलेलं पाणी वाया का घालवा, म्हणून मास्तरांनी तेही डब्यात ओतलं होतं. डाग तपकिरी पडला.

अन्नाची कथा तर सांगू नये अशी. बाजारातल्या टोळवालीकडून मास्तरांनी जिवंत टोळांची पिशवी आणली, चुलीपाशी ठेवली आणि फांदी बदलायला गेले. चुलीपाशी टोळांची पिशवी दिसल्यावर कुठलीही सुगरण बाई जे करील तेच वोलोलोनानं केलं. पंख-पाय काढले, मिठाच्या पाण्यात उकडले, कुरकुरीत परतले आणि भाताबरोबर वाढले. मास्तरांनी दोनदा मागून घेतले. "झकास झालेत," असं म्हणून हात धुताना त्यांना पाहुण्याची आठवण झाली. दुसरी पिशवी मग थेट कपाटात गेली.

पण गाडं अडलं ते झग्यावर. बाकोली रडत वॉर्डाच्या कचेरीत गेली, आणि अध्यक्ष रात्सिंबा स्वतः चालत आले. रात्सिंबांना रिकामा रकाना बघवत नसे. भुकेल्याला घास द्यावा तसे ते रकान्यांना अक्षरं देत.

"मास्तर, झग्याचं तुम्ही आणि बाकोली आपसात मिटवा," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "माझं म्हणणं वेगळं आहे. आठवड्यावर मुक्काम करणाऱ्या पाहुण्याची घराच्या वहीत नोंद लागते. लागते की नाही?"

"माणसाची."

"वहीत 'माणूस' असं कुठंय? 'पाहुणा' आहे. नाव?"

"मास्तर," मास्तर खालमानेनं म्हणाले.

"तुमचं नव्हे, त्याचं."

"त्याचंच."

रात्सिंबांनी एकदा मास्तरांकडे, एकदा घुंगटाकडे बघितलं आणि लिहून घेतलं. "ओळखीची खूण? रंग लिहू. रंग कोणता?"

"आत्ता हिरवा आहे."

"आत्ता-बित्ता चालत नाही. कागद आहे हा. एक काय ते सांगा."

"हिरवा."

"हिरवा." शिक्का बसला. एक प्रत वहीत गेली, एक शिस्त म्हणून वनखात्याकडे. त्यानंतर पाचव्या दिवशी वनखात्याचं उत्तर आलं. परवान्यावर रंगाचा उल्लेख नाही, वॉर्डाच्या नोंदीत आहे. तरी येत्या गुरुवारी अधिकारी येऊन प्राणी नोंदीशी ताडून पाहतील. जुळला नाही, अथवा प्रकृती बरी नसली, तर प्राणी ताब्यात घेतला जाईल व मूळ बागेचा परवाना स्थगित होईल.

मास्तरांनी ते पत्र तीनदा वाचलं. हानित्राची बाग म्हणजे हानित्राचं सगळंच होतं. नवऱ्याचं पोट तिच्यावर, धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर. आणि ती तिकडे डोंगरापलीकडे, वडिलांना ऊब द्यायला गेलेली, निर्धास्त. का, तर इकडे सर आहेत.

त्याच दिवशी थंडीची लाट आली.

खालच्या भातखाचरांतून धुकं उठलं, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढलं आणि गल्लीत येऊन मुक्कामाला राहिलं. लाल विटांची घरं ओली झाली. माणसं दोन-दोन शाली पांघरून कोळशाच्या शेगड्यांना बिलगली. आणि कपाटात घोयरा काळवंडला. आधी शेवाळी, मग मातकट, मग ओल्या कोळशासारखा. खाणं थांबलं. डोळे आत गेले.

आता नेनींची गोष्ट. पहिल्या दिवशी त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर होत्या. रोज एक पायरी उतरत होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या सकाळी त्या खालच्या पायरीवरून उठल्या, कपाटापाशी आल्या, न बघता, तोंड फिरवून, आणि आपला लोकरीचा गळपट्टा त्यांनी जाळीवर घातला.

"गारठलंय लेकरू," त्या म्हणाल्या. "दगडाच्या कबरीत निजलेल्यांना थंडी वाजते, त्यांना आपण दर काही वर्षांनी नवं वस्त्र देतो. आणि हा जिवंत जीव उघडा?"

घरात सगळ्यांना हेच वाटत होतं. गळपट्ट्यावर घोंगडी आली. घोंगडीवर वोलोलोनाची शाल. बाकोली आली, झग्याचा राग खाली ठेवून, आणि तिनं कापूस भरलेली दुलई दिली. दुसऱ्या दिवशी तो आणखी काळा दिसला, तेव्हा मास्तरांनी स्वतःचा कोट वर चढवला, निरोपसमारंभात घातलेला. दिवसातून चारदा कोपरा उचलून बघायचे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा काळा असायचा. मग आणखी एक पांघरूण. गल्लीतून विचारपूस सुरू झाली.

"मास्तर कसे आहेत?"

"कोणते?"

"दोन्ही."

"दोन्ही बरे नाहीत," वोलोलोना सांगायची, आणि ते खरं होतं. मास्तरांचंही जेवण सुटलं होतं. सहा दिवस घोयऱ्यानं घास घेतला नव्हता, त्यामुळे मास्तरांना भात गिळवेना.

बुधवारी संध्याकाळी रात्सिंबा येऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, कचेरीच्या दाराचा रंग थोडा उरलाय. हिरवाच आहे. उद्यापुरतं..."

"रात्सिंबा!" मास्तर उभे राहिले. "माझ्या विद्यार्थिनीच्या जनावराला मी दाराचा रंग फासू?"

"मी आपलं कागदाच्या बाजूनं बोललो," रात्सिंबा दुखावून म्हणाले.

गुरुवारी धुकं फाटलं. लख्ख, निळं, थंड आभाळ. आठ वाजता वनखात्याच्या बाई आल्या. फांझा त्यांचं नाव; ठेंगण्या, गळाबंद स्वेटर घातलेल्या, बगलेत कागद अडकवलेली पाटी. मागोमाग रात्सिंबा, वही घेऊन. वोलोलोनानं कॉफी आणि तांदळाचे गरम मऊ वडे पुढे ठेवले. बाईंनी एक वडा उचलला आणि म्हणाल्या, "आणा."

मास्तर कपाटाकडे गेले. कोट काढला. दुलई काढली. शाल, घोंगडी, गळपट्टा. एवढ्या कपड्यांच्या थरातून आतली हवा तरी उबदार निघेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी घुंगट बाजूला केला. घोयरा फांदीला चिकटून होता, काळा, डोळे मिटलेले. काठी शोधायला वेळ नव्हता. राझाफी मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे केला आणि बोटं त्याच्या पाठीवर टेकवली.

तो गार होता. पाच पांघरुणांखाली तो विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

आणि त्या गारव्यातून मास्तरांना एक आवाज ऐकू आला. कंटाळलेला, खडूची धूळ खाल्लेला, त्यांचा स्वतःचा. लिहून घ्या: या प्राण्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब हीच त्यांची ऊब. एकतीस वर्षं त्यांनी हे वाक्य सांगितलं होतं, मुलांनी लिहून घेतलं होतं, परीक्षेत उतरवून गुण मिळवले होते. अंगात ऊबच नाही, तर पांघरुणानं धरून ठेवायचं काय? त्यानं फक्त बाहेरची ऊब अडवली. सहा दिवस सगळं घर मिळून त्याच्यावर थंडी पांघरत होतं!

मास्तरांनी त्याला फांदीवरून सोडवलं. एकेक पाय, एकेक पकड. त्यानं क्षीणपणे मास्तरांचं बोट धरलं. ते तसेच, बाईंच्या समोरून, कॉफीच्या पेल्यांवरून, थेट अंगणात गेले.

"जावई, उघड्यावर नका नेऊ, मरेल तो!" नेनी मागून ओरडल्या.

मास्तर अंगणाच्या मधोमध उन्हात उभे राहिले. डोक्यावर रोजची गवती टोपी, हात पुढे, हातावर घोयरा. फांझाबाई बाहेर आल्या, कागद बघितला, घोयरा बघितला.

"कागदावर हिरवा आहे. हा काळा आहे."

"बाई, थोडा वेळ."

"थोड्या वेळानं काय होणार?"

"ऊन पोचेल," मास्तर म्हणाले.

बाई अंगणातल्या बाजेवर बसल्या. कशा कुणास ठाऊक, पण बसल्या. वोलोलोनानं कॉफी आणि वडे तिथेच आणून ठेवले. रात्सिंबा वही मिटून उभे राहिले. बाकोली दारात, तोंडात टाचण्या तशाच. घोयऱ्यानं अंग चपटं केलं आणि सगळी कूस उन्हाला लावली, भिंतीवर पापड वाळत घालावा तशी. मग हळूहळू मास्तरांचा दंड चढला, खांदा चढला, आणि गवती टोपीच्या कडेवरून माथ्यावर जाऊन बसला, जिथे ऊन सर्वांत जास्त होतं.

"काय होतंय?" मास्तरांनी मान न हलवता विचारलं. एकट्या त्यांनाच काही दिसत नव्हतं.

"आमच्या बाजूनं मातकट," वोलोलोना म्हणाली. ती पहिल्यांदाच सरळ बघत होती. "शेपटीकडे... थांबा. थोडं हिरवं."

"इकडून काळाच," रात्सिंबा उन्हाच्या बाजूनं म्हणाले; ऊन पिणारी कूस अजून काळीच होती.

"इकडून हिरवा!" बाकोली टाचण्यांतून म्हणाली.

फांझाबाई उठल्या, मास्तरांभोवती एक फेरी मारली. "अर्धा जुळतोय. सही कुठल्या बाजूला करू, अध्यक्ष?"

"रकाना एकच आहे, बाई," रात्सिंबा रडकुंडीला आले.

आणि मग तो आला. बी टाकलेल्या वाफ्यात पाट सोडावा आणि पाणी कडेकडेनं पसरत जावं, तसा हिरवा रंग पाठीच्या कण्यावरून खाली उतरला, फासळ्या-फासळ्यांतून वाट काढत गेला, पायांच्या सांडशांपर्यंत पोचला; आणि सगळ्यात शेवटी, कुशीवर, तो निळा पट्टा उगवला. अंगणात कॉफी निवत होती, तिचाच काय तो वास.

"काय झालं? गप्प का सगळे?" मास्तरांनी विचारलं. "गेला का?"

"नाही हो," वोलोलोना म्हणाली, "आला."

फांझाबाईंनी पेन काढलं. 'हिरवा' या शब्दावर थोडा वेळ ते धरून ठेवलं, मग त्याच्या आधी एक शब्द घातला आणि सही केली. रात्सिंबांनी वाकून वाचलं: उन्हात हिरवा. त्यांना ते पटलं नाही, पण रकाना भरलेला होता.

"प्रकृतीचं काय लिहू?" बाई म्हणाल्या. "खातो का?"

नेनी अंगणाच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर पाचही पांघरुणांची घडी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मीच मारत होते त्याला. माझ्या हातानं."

"नाही, नेनी," मास्तर टोपीखालून म्हणाले. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते समोरच्या भिंतीशी बोलले. "पोरीनं सगळं लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही. मारत मी होतो. तुम्ही नुसती माया करत होता."

एवढ्या माणसांसमोर, वॉर्डाच्या अध्यक्षांसमोर, वनखात्यासमोर, राझाफी मास्तर चुकलो म्हणाले. वोलोलोनानं पदरासारखं शालीचं टोक तोंडाला लावलं.

नेनींनी नाक पुसलं आणि बाईंपुढच्या वड्यांवरची माशी हाकलायला हात केला. माशी उडाली, भिरभिरली, रात्सिंबांच्या वहीच्या कोपऱ्यावर बसली. घोयऱ्याचे दोन्ही डोळे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एका जागी वळले. टोपीवरून काहीतरी सुटलं, रात्सिंबा "अगं आई!" म्हणून मागे उडाले, आणि वहीवर माशी नव्हती.

टोपीवर कुणीतरी सावकाश चावत होतं.

नेनी उठल्या. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर येऊन जसं सांगतात तसं, गल्लीला, खिडक्यांना, खालच्या भातखाचरांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "घास घेतला हो! घास घेतला!"

वरच्या खिडकीत कुणीतरी टाळी वाजवली. बाकोलीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मोकळा श्वास सोडला. फांझाबाईंनी 'उत्तम' असं लिहून आणखी एक वडा घेतला. मास्तरांना बसावंसं वाटत होतं, पोटात सहा दिवसांची भूक एकदम जागी झाली होती. पण टोपीवर जेवण चाललं होतं.

"वोलोलोना," ते अगदी हळू म्हणाले, "इथेच आणतेस का माझा भात?"

तिनं आणला, आणि त्यांनी तो उन्हात उभ्याउभ्या, मान ताठ ठेवून, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.